वाघ्याचं डाएट

जोयडा तालुक्याचा मोठा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात. इथे कुत्र्याचं नाव ‘वाघ्या’ ठेवणं ही शुद्ध तोतयेगिरी, पण आमचा वाघ्या ती निभावतो. सकाळी पेज, दुपारी भात, बाजाराच्या दिवशी मासळीची डोकी. त्याबदल्यात रात्री वाटणीचं भुंकतो आणि निजतो.

पुण्याहून आलेला भाचा त्याचं ताट बघून हळहळला. “मामा, हा लांडग्याचा वंशज! याला कच्चं मांस द्या.” इयन बिलिंगहर्स्ट या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने 1993 साली त्यावर पुस्तक लिहिलं आहे म्हणे. ते खरंच आहे. पण माझेही पूर्वज झाडावर राहत. म्हणून कुणी मला फणसावर अंथरूण घालून देत नाही. शिवाय 2013 साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात. पेज वाघ्याच्या रक्तात आहे!

भाचा ऐकणारा नव्हता. रामनगरहून बोकडाची कलेजी-फुप्फुसं पिशवीभर घेऊन आला नि अंगणातच मांडून बसला. त्याला म्हटलं, “इथे वासाला बिबट्या येतो, आणि त्याला कुत्राही कच्चाच आवडतो.” वाघ्या तोवर माझ्या पायांमागे.

तेवढ्यात हिची नजर फुप्फुसावर गेली. त्यावर लिंबाएवढी पांढरट, पाण्याने टचटचीत भरलेली गाठ. “अहो, हे काय?”

अशी गाठ हायडाटिडची असू शकते. तिच्यात चिमुकल्या फीतकृमींची बीजं असतात. कुत्र्याने ती कच्ची खाल्ली, की काही आठवड्यांत जेमतेम अर्धा सेंटीमीटरचे हजारो जंत त्याच्या आतड्यात मुक्कामाला. त्याला काही होत नाही; तो मजेत शेपूट हलवतो. अंडी मात्र विष्ठेतून अंगणात, केसांवरून आपल्या हातांवर आणि तिथून तोंडात. मग आपल्या यकृतात, फुप्फुसात तशीच गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढते आणि शेवटी बहुधा सर्जनच्या हाती लागते.

आइसलँडमध्ये 19व्या शतकात या रोगाने उच्छाद मांडला होता. कुत्र्यांना कच्चे अवयव घालणं बंद केलं, जंताचं औषध दिलं, नि रोग हटला. लस नाही, यंत्र नाही. फक्त वाढणाऱ्याचा हात आवरला. कच्च्या मांसातले साल्मोनेलासारखे जंतू निराळेच. फ्रीजरमध्ये ते मरत नाहीत, नुसते झोप काढतात.

भाच्याने पिशवी नाखुशीनेच परसात नेली. तेव्हा मंडळी, गाठी दिसलेलं मांस कुत्री उकरणार नाहीत इतकं खोल पुरा. चांगलं असेल ते शिजवून द्या. शिजलेलं हाड मात्र नको, त्याच्या कपच्या आतड्यात घुसतात. जंताचं औषध पशुवैद्याला विचारून वेळच्या वेळी द्या. आणि कुत्र्याला कुरवाळून आलेल्या भाच्याला हात धुतल्याशिवाय पाटावर बसू देऊ नका, मग तो पुण्याचा का असेना.