मुद्दामकर

त्यांचं खरं आडनाव वेगळं आहे, पण ते फक्त पगाराच्या चिठ्ठीवर. बाकी हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे त्यांना मुद्दामकरच म्हणतात. इतर माणसं चुकून चुकतात. हे मुद्दाम चुकतात आणि त्याचाच पगार घेतात.

काम बिल्ड टूल तपासण्याचं. बिल्ड टूल म्हणजे मंगल कार्यालयातला मुख्य आचारी. आधी काय शिजवायचं, मग काय, आणि सकाळचं कुठलं तसंच चालेल, हे ठरवणारा. त्याला सूचना मेकफाइलमधून मिळतात. आमच्याकडचं टूल बीएसडी घराण्यातलं, बीमेक. त्यात लूप लिहायचा तर ‘डॉट फॉर’, मग चलाचं नाव, मग ‘इन’, मग यादी. शेवटी ‘डॉट एंडफॉर’. सरळ माणूस हे सरळ लिहितो, चाललं की चहाला जातो. मुद्दामकरांना चाललेल्या गोष्टीत काडीचा रस नाही. “चालतंय ते कुणालाही चालवता येतं हो,” म्हणतात, “नाही म्हणताना कसं म्हणतंय ते बघा.”

मग बसतात चुका रचत. ‘इन’ गाळला, तर ‘इन’ नाही अशी तक्रार येते. मान हलते. चलाचं नावच दिलं नाही, तरी नेमकी तक्रार. पुन्हा मान हलते. दोन चलं ठेवून यादीत पाच शब्द टाकले, तर टूल म्हणतं, शब्दांची संख्या चुकली, शब्द 5 आणि चलं 2. इथे मुद्दामकर खुर्चीत मागे रेलतात. “बघा, नुसतं चुकलं नाही म्हणाला, मोजून दाखवलंन!” जावयाचं कौतुकही त्यांनी या सुरात केल्याचं कुणाला आठवत नाही.

त्यांची लाडकी चूक मात्र वेगळीच. ‘फॉर’ आणि चलाचं नाव ‘आय’ यांच्यातली एक मोकळी जागा काढायची, ‘डॉट फोराय’ करून टाकायचं. टूल म्हणतं, असा आदेश मला ठाऊक नाही. ठीक. पण आदेशच ठाऊक नाही म्हटल्यावर आतल्या ओळी लूपच्या राहत नाहीत, साध्या ओळी होतात; त्या एकदा मुकाट चालून जातात, ‘आय’च्या जागी काहीच नसताना. आणि खाली ‘एंडफॉर’ दिसल्यावर टूल पुन्हा ओरडतं, फॉर नसताना हा एंडफॉर कुठून आला? चूक एक, तक्रारी दोन, आणि मधली ओळ फुकटात चालली ती निराळीच. कुणी नवीन पोरगं ऑफिसात आलं की मुद्दामकर त्याला हे खास बोलावून दाखवतात. पोरगं म्हणतं, “सर, असं कोण लिहील?” मुद्दामकर म्हणतात, “तू. शुक्रवारी संध्याकाळी.”

रिकाम्या यादीशी त्यांचं बरेच दिवस वाकडं होतं. ‘इन’च्या पुढे काही लिहिलंच नाही, तर टूल हूं की चूं करत नाही, लूप शून्य वेळा फिरतो आणि विषय संपतो. ही चूक नव्हेच, रिकामी यादीही यादीच, हे त्यांनी शेवटी मान्य केलं, पण घरी पाहुणा न जेवता गेल्यासारखा चेहरा करून.

त्याच बीएसडी घराण्यातल्या नेटबीएसडीच्या मंडळींनी अशा चुकांचा रीतसर संग्रह ठेवला आहे. एका फाइलीत चूक, जोडीच्या फाइलीत त्या चुकीवर टूलने काय बोलायचं ते अक्षरश: लिहिलेलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला की चाचणी नापास. मुद्दामकर हा संग्रह जेवणानंतर वाचतात. बीमेकचा पूर्वज म्हणजे मूळ मेक, ते 1976 साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलं. आदेशाच्या ओळीआधी टॅबच हवा, हा त्यातला जाच. तो फेल्डमन यांना लवकरच खटकला होता, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते, त्यांची मोडतोड नको म्हणून राहू दिला. मुद्दामकर हे सांगताना हळहळतात. “डझनभर माणसं हो! मी असतो तिथं, तर सगळ्यांकडे जाऊन पाया पडलो असतो.”

ही सवय ऑफिसात ठेवून ते घरी जात असते तर वहिनींचं आयुष्य बरं गेलं असतं. हॉटेलात ते “मसाला डोसा, मसाला नको” सांगतात आणि वेटरकडे टक लावून बसतात. बँकेच्या फॉर्मवर 31 फेब्रुवारी लिहितात. क्लार्कने मुकाट शिक्का मारला की त्यांची झोप उडते. अंगावर ओरडला तर खूश, फक्त नेमकं कशाबद्दल ओरडला ते विचारून घेतात.

परवा एका सोसायटीच्या गेटवर त्यांनी वहीत येण्याची वेळ सहा आणि जाण्याची साडेपाच लिहिली. वॉचमनने वही उलटी करून पाहिली.

“साहेब, यायच्या आधीच गेलात होय?”

मुद्दामकरांचा चेहरा उजळला. तरी धंद्याची खोड. “चूक बरोबर धरलीत,” ते म्हणाले, “पण ओळ नाही सांगितलीत.”

“सतरावी,” वॉचमन म्हणाला, “आणि सोळावीत फ्लॅट नंबर नाही, ती ओळ पण तुमच्याच अक्षरात आहे.”