गडाला नियम, ऑफिसला परिपत्रक

तालुक्याच्या गावी सुरक्षा धोरण शोधायला कपाट उघडावं लागत नाही. ते मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर चिकटवलेलं असतं. वर पासवर्ड, खाली सूचना: 'कोणालाही सांगू नये.' कपाटात असतं ते छापील धोरण. स्पायरल बाइंडिंगचं, सल्लागाराकडून विकत आणलेलं. आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव पहिल्या पानावर बदललंय, बाराव्यावर बदलायचं राहिलंय.

भोरला हे चालवून घेतलं असतं, पण वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय. गडाचं नाव घेतलं की गडाचा हिशेबही मागितला जाणार. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी पाहा. बाहेरची भिंत ओलांडून आत आलेला शत्रू दोन भिंतींच्या चिंचोळ्या बोळात सापडतो, आणि वरून मारा चालूच. पद्मावती आणि सुवेळा या माच्या निराळ्या, बालेकिल्ला त्यांच्याही वर. एक दार पडलं म्हणजे गड पडला नाही. आमच्याकडे एक पासवर्ड फुटला की ठेवी, पगारपत्रक आणि साहेबांच्या मुलीच्या लग्नाची आमंत्रणयादी, सगळं एकदमच चव्हाट्यावर.

पण भिंतींचं कौतुक ट्रेकर मंडळी पुरेसं करतात. खरी हुशारी माणसं नेमण्यात होती. सभासद बखरीत शिवाजी महाराजांची व्यवस्था दिली आहे: गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत, तिघेही एका तोलाचे, आणि कारभार तिघांनी मिळून करायचा. एकट्याच्या हाती गड नाही. यात कुणाच्या निष्ठेचा अपमान नव्हता. फितुरी होऊ शकते, एवढं गृहीत धरलं होतं. आमच्याकडे मात्र 'भाऊ फार विश्वासातले आहेत' हेच पहिलं आणि शेवटचं कलम. भाऊ रजेवर गेले की संस्था बंद.

हे गृहीत किती रास्त होतं ते औरंगजेबाने दाखवून दिलं. दख्खनच्या अखेरच्या मोहिमेत एकामागून एक गड त्याने घेतले ते बरेचसे बोलणी करून आणि थैल्या मोजून. 1703 साली सिंहगड असाच गेला. त्यातला अपवाद तोरणा. मार्च 1704 मध्ये बादशहाची माणसं रात्री दोर लावून कडा चढली आणि गड लढून घेतला. म्हणजे कडा चढायला लागणारी हिंमत एका गडावर खर्ची पडली. बाकी ठिकाणी थैली पुरली. तुमची फायरवॉल कितीही महाग घ्या, फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणारा थैलीवाल्याच्याच घराण्यातला आहे.

हे सगळं ज्यांनी जवळून पाहिलं, त्या रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र 1715 च्या सुमाराचं. त्यात गडांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि ते वाचताना कुठेही सल्लागाराचा वास येत नाही. गडाला एकच दरवाजा नसावा. चोरवाटा असाव्यात, पण नेहमीच्या वापराच्या नकोत, चिणून ठेवाव्यात. शेजारी गडाच्या तोलाचा डोंगर नसावा. अधिकारी ठरावीक वर्षांनी बदलावेत. पहारेकऱ्याला जे करायचं ते त्याला समजेल अशा शब्दांत. आमच्या धोरणात 'हितधारकांनी यथोचित दक्षता बाळगावी' असतं. ती दक्षता शिपायाने नेमकी कुठल्या खुंटीला अडकवायची?

आता हे सगळं जुनं वाटत असेल तर पुण्याकडे बघा. ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस बँकेतून 94 कोटींहून जास्त रक्कम गेली, बरीचशी 28 देशांतल्या एटीएममधून. चोरांनी तिजोरी फोडली नाही. व्यवहार मंजूर करणारी खोटी यंत्रणाच मधे बसवली. पैसे मागायला येणाऱ्या प्रत्येकाला ती 'आपलाच माणूस' म्हणून सोडत होती, आणि खऱ्या दरवानाला कुणी विचारलंच नाही. पहिला घाला शनिवारी पडला होता. सुट्टीच्या दिवशी पहारा कोणाचा, हे तुमच्या धोरणात आहे?

त्यात नसेल. त्यात दर महिन्याला पासवर्ड बदला असं असेल. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने 2017 सालीच सांगितलं की फुटल्याचा संशय नसेल तर उगाच बदलायला लावू नका, लांब ठेवा. सक्तीने बदलायला लावलं की लोक शेवटचा 1 काढून 2 लिहितात आणि नवी पिवळी चिठ्ठी चिकटवतात.

तेव्हा सोमवारी कामावर गेलात की एकच कलम शोधा. साहेबांनी फोनवर 'मी सांगतोय ना, करून टाक' म्हटलं, तर 'आधी लेखी द्या' म्हणायचा हक्क कारकुनाला दिलाय का, आणि तो बजावल्याबद्दल त्याची बदली होणार नाही असं लिहिलंय का? ते सापडलं नाही तर बाकीची पानं खुशाल रद्दीला घाला.