ट्रंक रद्दीत घालू नकोस!

एडिंबरा,
रविवार

ती. आबा आणि ती. आई यांना,


आबा, तुमचा निरोप पोचला. आईनं दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्याला द्यायचं ठरवलंय आणि निषेध म्हणून तुम्ही तिच्याशी बोलत नाही, हेही कळलं. न बोलता तांबड्या रश्श्याची वाटी मात्र दोनदा पुढं करता म्हणे. आई, हे पत्र म्हणजे स्थगितीचा अर्ज समज आणि संपूर्ण वाचल्याशिवाय सुतळी घेऊन माळ्यावर चढू नकोस.

त्या ट्रंकेत काय आहे ते मला पाठ आहे. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि त्याचा छोटू. म्हणजे बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथा. खाली गुरुनाथ नाईकांच्या. तुझ्या भाषेत सगळी मिळून ‘खुनाखुनीची पुस्तकं’. तुझं म्हणणं, भल्या घरात असली पुस्तकं कुणी ठेवत नाही. आता इथल्या भल्या लोकांचं ऐक.

आमच्या गावात इयन रँकिन नावाचे लेखक राहतात. जन्म 1960 चा, फाइफमधल्या कार्डेनडन या कोळसा खाणींच्या गावचा. इथल्या विद्यापीठात शिकले आणि म्युरिएल स्पार्क या लेखिकेवर पीएच.डी. करायला बसले. सरकारी शिष्यवृत्ती प्रबंधासाठी आणि माणूस लिहीत बसला कादंबऱ्या! प्रबंध तसाच राहिला. (आई, तू ‘आईबापांनी काही विचारलं नाही का’ म्हणशील ते मला इथं ऐकू आलं.) पुढं द्राक्षं तोडली, डुकरं राखली, कर खात्यात नोकरी केली, त्याआधी एका बँडमध्ये गाऊनही झालं होतं. स्थळ म्हणून सांगून आले असते तर तू पत्रिका उघडलीच नसतीस.

1987 मध्ये त्यांची ‘नॉट्स अँड क्रॉसेस’ आली. नायक जॉन रीबस, पोलीस अधिकारी. वरिष्ठांशी पटत नाही, बायकोशी पटलं नाही, दारूशी मात्र उत्तम पटतं. रँकिन विद्यार्थी असताना आर्डन स्ट्रीटवर राहायचे, म्हणून रीबसलाही त्याच गल्लीत घर दिलं. भाडं वाचलं. माहिती काढायला ते लीथच्या पोलीस ठाण्यात गेले, तर कथानक नेमकं तेव्हा तपास चालू असलेल्या प्रकरणाशी जुळलं आणि पोलिसांनी लेखकालाच संशयित धरून प्रश्न विचारले. हा किस्सा ते स्वतः सांगतात. गंमत म्हणजे आपण रहस्यकथा लिहिली हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांच्या मते ती ‘जेकिल अँड हाइड’ची नवी आवृत्ती होती. दुकानदारानं खुनाच्या फळीवर ठेवली तेव्हा कळलं.

आबा, तुम्हाला न पटणारी गोष्ट आता. हा रीबस म्हातारा होतो! आपला झुंजार तुमच्या मुंजीपासून माझ्या लग्नापर्यंत तसाच तरणाबांड. रीबसला मात्र वर्षागणिक वय चढतं. साठ भरली, नियमानं 2007 च्या कादंबरीत निवृत्ती. मुदतवाढ नाही, ओळख लावणं नाही. वाचक हळहळले, मग 2012 मध्ये साहेब परत आले, जुन्या न उलगडलेल्या प्रकरणांवर, वर्दीतले नव्हे तर साधे नागरी कर्मचारी म्हणून. थोडक्यात, आपल्याकडच्यासारखं कंत्राटी.

आम्ही यंग स्ट्रीटवरचा ऑक्सफर्ड बार बघून आलो. रीबसचा अड्डा तोच, लेखकाचाही तोच. लोक लांबून येऊन तिथं उभं राहतात, आपल्याकडं कोल्हापुरात गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला उभं राहावं तसं. हे म्हणाले, वाङ्मयीन स्थळ आहे, अर्धा तास तरी बसायला हवं. साहित्याबद्दल ह्यांना इतकी ओढ लग्नानंतर प्रथमच दिसली.

या गावाला चोराचं कौतुक जुनंच. डीकन ब्रॉडी म्हणून एक प्रतिष्ठित सुतार होता, दिवसा लोकांची कपाटं-कुलपं करायचा आणि रात्री त्यांचीच घरं फोडायचा. 1788 मध्ये फासावर गेला. आज त्याच्या नावाचा पब भर रस्त्यावर आहे. शेरलॉक होम्सचे कर्ते कॉनन डॉयलही इथलेच, जन्म 1859 चा.

आता मुख्य पुरावा, आई. 2019 मध्ये रँकिन यांनी आपली हस्तलिखितं, टिपणं, पत्रं स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिली आणि ग्रंथालयानं ती मानानं ठेवून घेतली. 2022 मध्ये खुनाखुनी लिहिणाऱ्या या माणसाला ‘सर’ किताब मिळाला. कारण सोपं आहे. किल्ला आणि बॅगपाइप बघून पाहुणे परत जातात; त्या किल्ल्यामागच्या वस्त्या, तिथली गरिबी, वरच्यांचे लागेबांधे रीबसनं दाखवले. गावानं स्वतःला ओळखलं.

अर्णाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी हजारावर पुस्तकं लिहिली. रँकिन यांच्या रीबसच्या कादंबऱ्या पंचवीसच्या घरात. खरंय, हजारांत सगळी सारखी नसणार, आणि त्यांच्या मुंबईत रीबसच्या एडिंबऱ्याइतका चिखल नाही. पण ज्यांच्या हातात कधी पुस्तक आलं नव्हतं त्यांना त्यांनी रात्र रात्र जागवलं. आबा दुकानावरून दमून येऊनही कंदिलाची वात चढवायचे, ते काही ज्ञानकोशासाठी नव्हे. आणि वाचायची ती खोड लागली म्हणूनच त्यांनी पुढं मला करवीर नगर वाचन मंदिराच्या पायऱ्या दाखवल्या. म्हणजे माझ्या शिक्षणाचा पाया झुंजारनं घातला, हे तुला मान्य करावंच लागेल.

अर्णाळकर 1996 मध्ये गेले. ती पुस्तकं बहुतेक फिरत्या वाचनालयांतून हातोहात झिजली. इथं कागद राष्ट्र सांभाळतं, तिथं आबांची ट्रंक सांभाळते, आणि तिच्यावर तुझा डोळा!

तडजोड सुचवते. ट्रंक जागेवर राहील. झाकणावर तू पापडाचे डबे ठेव. आबांना पुस्तक हवं असेल तर त्यांनी डबे स्वतः उतरवायचे आणि स्वतःच परत चढवायचे. त्यांनी आतल्या पुस्तकांची यादी करून मला पाठवायची. जी पानं सुटलीत ती दोऱ्यानं शिवायची, तुझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा तुला विचारून घ्यायचा. म्हणजे बोलणंही सुरू होईल.

तुमची,
ताई

ता. क. : नातवानं रहस्यकथा लिहायला घेतलीय. खून शाळेतल्या गणिताच्या वहीचा होतो. आबांना विचारतोय, खुनी कोण ते पहिल्याच पानावर सांगितलं तर चालेल का, कारण दुसरं पान लिहायचा त्याला कंटाळा आहे.