श्रेयांकित प्रतिभा

कलेचं मोजमाप होत नाही, ही जुनी तक्रार आता निकालात निघाली आहे. दृश्यकलेच्या पदवीत प्रात्यक्षिकाचे 30 तास म्हणजे 1 श्रेयांक, असा स्वच्छ हिशेब बसला असून प्रतिभेला यापुढे वेळीअवेळी स्फुरण्याची मुभा राहिलेली नाही. तिने कामकाजाच्या दिवशी, स्टुडिओच्या वेळेत यावं. 75 टक्के हजेरीची अट तिलाही लागू आहे.

ही शिस्त आधीच असती तर कलेचा इतिहास केवढा नीटनेटका झाला असता! लिओनार्दोने 1503च्या सुमारास ‘मोनालिसा’ हाती घेतली आणि वर्षानुवर्षं सबमिटच केली नाही, सरळ एटीकेटी. व्हॅन गॉग 1886मध्ये अँटवर्पच्या अकादमीत जेमतेम काही आठवडे टिकला, टर्म नामंजूर. पिकासो माद्रिदच्या अकादमीत वर्गात बसेना, पालकांना बोलवा. (वडील स्वतःच चित्रकलेचे शिक्षक. घराण्याची केवढी ही शोभा!)

पुढचं पाऊल प्रशासनाने विनाविलंब उचलावं. प्रत्येक चित्राखाली अध्ययन-निष्पत्ती छापावी : ‘हे चित्र पाहून प्रेक्षक दोन मिनिटांत अंतर्मुख होईल.’ न झाल्यास प्रेक्षकाची फेरपरीक्षा घ्यावी, विलंबशुल्कासह.

विद्यार्थी यात कुठे कमी पडत आहेत, असंही नाही. चार वर्षांच्या अखंड सरावाने निरीक्षण, रेषेवरचा दाब, मनगटातली लय अशी काही साधली आहे, की हजेरीपटावरची गैरहजर मित्राची सही खुद्द त्या मित्रालाही आपलीच वाटते. या विषयाला मात्र अद्याप श्रेयांक नाहीत.