जुना ऑर्केस्ट्रा पुन्हा कसा उभा करावा
(नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका, नाशिक रोड आवृत्ती)

पात्रता

कधीकाळी नेहरूनगर, गांधीनगर किंवा जेल रोडच्या गणपती मंडळांपुढे रात्र रात्र वाजवलेले, आणि पुढे नोकरी, लग्न, बदली व एका न फिटलेल्या उधारीपायी पांगलेले कलावंत या मार्गदर्शिकेचा लाभ घेऊ शकतात. वय साठीच्या पुढे असावे. त्या काळचा बेलबॉटम अजून कमरेला बसत असेल तर तुम्ही अपात्र आहात. बाकीचे तुमच्याशी बोलणार नाहीत.

साहित्य

एक अकॉर्डियन (भात्याला भोक चालेल). एक काँगो. एक ऑक्टोपॅड, ज्याचा अॅडॅप्टर हरवलेला आहे. गाण्यांची वही, जिची पाने डाळीच्या डब्याच्या वासाची झाली आहेत. जवळचे चष्मे, माणशी दोन. रक्तदाबाच्या गोळ्या. आणि निदान एक जुने भांडण, धूळ झटकून.

पूर्वतयारी: सिनेमे पाहणे

या विषयावर परदेशात चांगले काम झाले आहे. ‘स्टिल क्रेझी’ (1998) या इंग्रजी विनोदी चित्रपटात ‘स्ट्रेंज फ्रूट’ नावाच्या रॉक बँडचा कीबोर्डवाला वीस वर्षांनी जुने साथीदार गोळा करत हिंडतो. ड्रमर करवसुलीवाल्यांना तोंड चुकवत राहतोय आणि मेला असे सगळे ज्याला धरून चालले होते तो गिटारवाला चक्क जिवंत निघतो. हिंदीत ‘रॉक ऑन’ (2008) आहे, पण त्यातली माणसे फारच तरुण. कुणाचाही गुडघा दुखत नाही. ‘स्पायनल टॅप’ नावाच्या बँडवरचा सिनेमा मात्र अवश्य पाहावा. पहिला भाग 1984 साली आला, दुसरा 2025 साली, आणि मधल्या 41 वर्षांत त्याच तीन नटांचे जे झाले ते मेकअपने करता येत नाही.

हे सिनेमात चालते, खऱ्यात नाही, असे घरचे म्हणतील. त्यांना मुंबईच्या ‘रॉक मशीन’चा दाखला द्यावा. 1984 साली सुरू झालेला हा बँड पुढे ‘इंडस क्रीड’ झाला, 1997 साली फुटला आणि 2010 साली पुन्हा जुळला. उदय बेनेगल, महेश तिनईकर ही मंडळी परत एकत्र आली आणि 2012 साली त्यांनी ‘इव्हॉल्व्ह’ हा नवा अल्बमही काढला. नवा अल्बम हा भाग घरी सांगू नये. घाबरतील.

आपल्या भागाची परंपरा तर याहून जुनी आहे. बीबीसीने 1974 ते 1981 या काळात ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ नावाची विनोदी मालिका दाखवली. ती सुरू होते इथून रिक्षाच्या अंतरावर, म्हणजे देवळालीच्या छावणीत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश तोफखान्याचे काही शिपाई तिथे नाचगाण्याची पार्टी चालवतात आणि पार्टी चालू आहे तोवर आघाडीवर जावे लागणार नाही, या आशेवर जगतात. लेखकद्वयीपैकी जिमी पेरी स्वतः तोफखान्याच्या अशा पार्टीत होता. मालिकेचे चित्रीकरण इंग्लंडमध्येच झाले, पण तत्त्व अस्सल देवळालीचे आहे: अंगावर येणारी कामगिरी टाळायची असेल तर तालीम काढावी. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणे, गॅसचा नंबर लावणे, सुनेच्या माहेरचे साखरपुडे, या सर्व आघाड्यांवर हे आजही लागू पडते.

पायरी 1: माणसे गोळा करणे

‘स्टिल क्रेझी’च्या ड्रमरसारखा माणूस इंग्लंडमध्ये लपू शकतो, नाशिक रोडला नाही. बिटको चौकात संध्याकाळी अर्धा तास उभे राहिले की निम्मा ऑर्केस्ट्रा भाजीच्या पिशव्या घेऊन समोरून जातो. उरलेला मुक्तिधामच्या आवारात बाकावर सापडतो.

काँगोवाला बहुधा प्रेसमधून निवृत्त झालेला असेल. इंडिया सिक्युरिटी प्रेस 1925 पासून, करन्सी नोट प्रेस 1928 पासून. इथल्या तालमींचे वेळापत्रक संगीताने कधी ठरवले नाही, शिफ्टने ठरवले. या गृहस्थाने उभ्या हयातीत देशाच्या नोटा चोख मोजल्या, फक्त ऑर्केस्ट्राच्या एका सुपारीचा हिशेब तेवढा लागला नाही. तो विषय पहिल्या भेटीत काढू नये. दुसऱ्या भेटीत तो स्वतःच काढेल.

अकॉर्डियनवाला आता मुलीकडे मुंबईला असतो. त्याला कार्यक्रमाच्या दिवशी पंचवटी एक्सप्रेसने येऊ देऊ नये. ती मुंबईहून संध्याकाळी सुटते आणि नाशिक रोडला रात्री दहाच्या सुमारास पोचते, म्हणजे नेमकी माइक बंद करायच्या वेळेला.

पायरी 2: पट्टी उतरवणे

तुमचा ‘व्हॉइस ऑफ किशोर’ पूर्वी काळी चारमध्ये गायचा. आता त्याची काळी एक झाली आहे, पण हे त्याला सांगणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. म्हणून कीबोर्डवाल्याने बाकीच्या वादकांना खूण करून गुपचूप ट्रान्सपोजचे बटण दाबून पट्टी खाली आणावी आणि ‘आज आवाज काय लागलाय!’ असे म्हणावे. पुढच्या गाण्याआधी बटण पूर्ववत करणे विसरू नये. विसरल्यास गिटार एका गावाला आणि कीबोर्ड दुसऱ्या गावाला निघतो. दोघेही ‘मीच बरोबर’ म्हणून एकमेकांकडे बघत राहतात आणि निवेदक सांगतो, ‘रसिकहो, थोडी तांत्रिक अडचण.’

ड्रमरला बारीक आवाज ऐकू येत नसतील. झांजांच्या इतक्या जवळ इतकी वर्षे बसल्यावर दुसरे काय होणार? त्याला इशारा डोळ्यांनी द्यावा. डोळेही गेले असतील तर पायाने.

पायरी 3: भांडण

नवशिके इथे चुकतात. पहिल्या तालमीत सगळे गोड बोलतात, चहा होतो, जुने फोटो निघतात आणि संगीत अगदी मेल्यासारखे वाजते. घाबरू नये. ‘त्या वेळी तू म्युझिक पीस खाल्लास म्हणून सुपारी गेली’ हे वाक्य कुणीतरी उच्चारेपर्यंत थांबावे. त्यानंतर साइड रिदमवाला उठून जातो, चपला घालतो, चपला काढतो, परत बसतो आणि असा ठोका देतो की सगळे एकदम ताठ होतात. दोष मान्य करायला कुणी तयार नसते. सगळे ते वाजवून दाखवतात.

पायरी 4: कराओकेशी सामना

तुमचा खरा प्रतिस्पर्धी दुसरा ऑर्केस्ट्रा नाही. तो सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दर रविवारी जमणारा कराओके ग्रुप आहे. त्यांच्याकडे ट्रॅक आहे, इको आहे, स्क्रीनवर सरकणारे शब्द आहेत आणि काँगोवाल्याला वडापाव द्यावा लागत नाही. ‘आराधना’तल्या (1969) ‘रूप तेरा मस्ताना’मध्ये केरसी लॉर्ड यांनी वाजवलेला अकॉर्डियनचा तुकडा तुमचा माणूस हमखास घसरत वाजवणार, ट्रॅकमध्ये तो कधीच घसरत नाही.

यावर वाद घालू नये, प्रयोग करावा. कराओके गायकाला मध्येच ओळ विसरायला सांगा. शब्द पडद्यावरून निघून जातात, ट्रॅक पुढे धावतो, गायक उघडा पडतो. आता तुमच्या गायकाला विसरू द्या. सांगायची गरज नाही, तो विसरेलच. काँगोवाला लगेच दोन मात्रा लांबवतो, अकॉर्डियन मागचा तुकडा पुन्हा घेतो, गिटारवाला ओठांनी शब्द सुचवतो (चुकीचा), गायिका हसत ती ओळ स्वतः उचलते, आणि समोर बसलेल्यांना वाटते की हे असेच बसवले होते. या कामाला वहीत नोटेशन नाही. माणूस पडणार हे धरून वाजवायला एकमेकांच्या चुका वर्षानुवर्षे पाठ असाव्या लागतात. एरवी जुन्यांनाच गोळा करायची काय गरज? जेल रोडवर क्लासला जाणारी पोरे तुमच्याहून सफाईने वाजवतात.

पायरी 5: परवानगी

‘स्पायनल टॅप’मध्ये गिटारवाल्याच्या अॅम्प्लिफायरवर दहाऐवजी अकरापर्यंत आकडे आहेत, आणि त्याचा त्याला अभिमान आहे. आपल्याकडे आवाजाचे नियम 2000 साली आले. निवासी भागात दिवसा मर्यादा 55 डेसिबल, रात्री 45. समोरासमोरच्या साध्या गप्पाच 60 च्या आसपास जातात, म्हणजे पायरी 3 मधील भांडण हाच मुळात नियमभंग आहे. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. वर्षातले मोजके सणाचे दिवस बारापर्यंत सवलत मिळते. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र. अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात जाताना सर्वांत म्हाताऱ्या दिसणाऱ्या सदस्याला पुढे ठेवावे. साहेब विचारतात, ‘डीजे आहे का?’ तेव्हा त्याने नुसते आपल्या काठीकडे पाहावे.

पायरी 6: कार्यक्रम

लोक येतील. पहिल्या रांगेत नातेवाईक, दुसऱ्यात कराओके ग्रुप (हाताची घडी), मागे मोबाइलवर चित्रीकरण करणारी नातवंडे. चढत्या चालीची गाणी मध्यंतराआधी उरकावीत. नंतर पाठ धरते. ‘वन्स मोअर’ आल्यास गायकाच्या तब्येतीकडे पाहून निर्णय घ्यावा. गायक मात्र तब्येतीकडे पाहणार नाही.

दोष व उपाय

*माइकमध्ये शिट्टी वाजते.* मॉनिटरचा आवाज कमी करा.

*शिट्टी तरीही वाजते.* कानाचे यंत्र तपासा.

*मानधनाचे पाकीट कुणाकडे गेले ते कळत नाही.* हा दोष नसून परंपरा आहे.

*कार्यक्रम फारच चांगला झाला.* हा सर्वांत गंभीर दोष. लगेच कुणीतरी म्हणेल, ‘आता दरवर्षी करू.’ मग कार्यकारिणी होईल, अध्यक्ष होईल, खजिनदार होईल, लेटरहेड छापले जाईल आणि सगळे एकमेकांशी अदबीने बोलू लागतील. असा ऑर्केस्ट्रा पुन्हा वाजत नाही. उपाय: रात्रीच्या मिसळीवर कुणाचा तरी खाल्लेला म्युझिक पीस काढावा, आवाज 60 डेसिबलच्या वर न्यावा आणि वेळीच फुटावे. तीन दिवसांनी काँगोवाला हिशेबाची वही घेऊन घरी येईल. त्याला बसवून घ्यावे आणि पायरी 2 पासून सुरुवात करावी.