‘ङ’च्या आईबाबांस अनावृत पत्र



परवा रात्री बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुम्ही बाळाच्या नावाचा पोल टाकलात. हृधान, रेयांश, कियांश. टँकरची वर्गणी मागितली तेव्हा याच ग्रुपवर दोन अंगठे उठले होते. नावाला सकाळपर्यंत ४१ मतं पडली. घरातली गोष्ट तुम्हीच चव्हाट्यावर मांडलीत, म्हणून मीही पाकीट न चिकटवता लिहितो आहे.

तुमची अडचण मला कळते. बाळ आर्द्रेच्या तिसऱ्या चरणावर जन्मलं आणि मोबाइलने अक्षर काढून दिलं ‘ङ’. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे १०८ घरांत अक्षरं वाटायची. वाटणाऱ्याला तळाशी उरलेलंही कुठेतरी खपवावं लागलं असणार. हस्ताच्या तिसऱ्या चरणाला ‘ण’ आहे आणि उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ‘ञ’, तेव्हा तुम्ही एकटे नाही. ‘ङ’ मला आजवर भेटला तो ‘वाङ्मया’तच. आणि वाङ्मयाचं आपल्या अमळनेरला वावडं नाही. २०२४च्या फेब्रुवारीत ९७वं साहित्य संमेलन इथेच झालं. त्याआधी १९५२ साली झालं तेव्हा अध्यक्ष होते कृ. पां. कुलकर्णी, मराठी व्युत्पत्ति कोशाचे कर्ते. तुम्हाला जरा उशीर झाला. नाहीतर ‘हृधान’ची चिठ्ठी घेऊन मी तुम्हाला थेट मांडवात त्यांच्यापुढे उभं केलं असतं.

तुम्ही पोलखाली अर्थही दिलेत. हृधान म्हणजे विष्णूचा अंश. रेयांश म्हणजे विष्णूचा अंश, शिवाय दयाळू. कियांशही विष्णूचाच, पण गुणसंपन्न. एका बिल्डिंगमध्ये एवढे अंश वाटल्यावर वैकुंठात काय उरलं असेल, याची मला काळजी वाटते. तुमच्याकडच्या मोठ्या माय काल भाजीवालीला कौतुकाने नातवाचं नाव सांगत होत्या. तिने जुडी बांधता बांधता विचारलं, “धान? कोनतं धान वं माय, दादर का बाजरी?” अर्थ लावायचाच असेल तर मला हा अर्थ जास्त पटला. दादर ज्वारीची भाकरी निदान पोटाला तरी लागते.

हे सगळं सांगायचा अधिकार मला माझ्या नावाने दिला आहे. दारावरच्या पाटीवर तुम्ही ‘एस. आर.’ वाचता. त्यातला एस म्हणजे सुपडू. माझ्या आधीची दोन भावंडं राहिली नाहीत. मी झालो तेव्हा मला सुपात घालून उंबऱ्याबाहेर ठेवलं, फुईने, म्हणजे आत्याने, उचललं आणि मूठभर दाण्यांना माझ्याच आईला परत विकलं. याच हिशेबाने आपल्याकडे उकिरड्यावर टेकवलेला उखर्डू झाला, मागून आणलेल्या कपड्यांवर वाढवलेला भिका झाला, चिंध्यांतला चिंधा झाला. जो दगडासारखा टिकावा असं वाटलं तो दगडू, नाहीतर धोंडू. न्यायला येणाऱ्याने यादीत असलं नाव पाहावं, नाक मुरडावं आणि पुढच्या घरी जावं, एवढीच युक्ती. माझ्या बाबतीत चालली. पण शाळेत हजेरी घेताना मास्तर ‘सुपडू’ म्हणाले की मागच्या बाकावरून कोणीतरी पाखडल्याचा आवाज काढी. हे सहा वर्षं चाललं. नोकरी लागली त्या दिवशी मी सूप आद्याक्षरात दडवलं. खान्देशातल्या शाळांत एस. आर. सर, बी. डी. सर, यू. टी. सर असे सर फार. लोक म्हणतात, एकेका शाळेत सात-सात पाटील, मग ओळखायचं कसं? ते खरंच आहे. पण त्यातल्या निम्म्या पाटलांच्या आद्याक्षरांना कान लावला तर आत एखादा दगड वाजतो.

इथे पोरींचा विषय काढतो, राग मानू नका. माझं नाव मी हवा होतो म्हणून वाईट ठेवलं. त्यांची काही नावं त्या नको होत्या म्हणून ठेवलेली. सातारा जिल्ह्यात २२ ऑक्टोबर २०११ रोजी ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशा नावांच्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. त्यांतल्या काहींनी ती स्वतःच निवडली. त्या दिवशी कोणाला विष्णूचा अंश लागला नाही.

बरं, लग्नात नाव बदलायचं तेही पोरीनेच. आमच्या हिने माहेरचं नाव दहावीच्या मार्कशीटपर्यंत वापरलं. मग एका संध्याकाळी ताटातल्या तांदळात अंगठीने दुसरं लिहिलं गेलं; ते माझ्या आईला आवडलं होतं. तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजवून खाल्ले, मार्कशीट मात्र राहिली. आता कुठल्याशा बँकेत केवायसीला गेलं की समोरचा पोरगा विचारतो, “या दोन बाया कोण?” ती म्हणते, “दोन्ही मीच, सही कोणाची पाहिजे?” माझं नाव तिने चाळीस वर्षांत दोनदा घेतलं, दोन्ही वेळा उखाण्यात, आणि सुपडूला यमक जुळेना म्हणून दोन्ही वेळा ‘एस. आर. राव’.

तुम्ही म्हणाल, म्हणूनच आम्ही एवढं शोधून नाव काढतोय. काढा. पण हे अमळनेर आहे, इथे गाव आपल्याला हवं तेच नाव ठेवून घेतं. शेठ मोतीलाल माणेकचंद कोण, असं स्टँडवर विचारा. दहातले नऊ जण दुकानाचा पत्ता सांगतील. प्रतापशेठ म्हणा, मग बघा. ज्यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं, मिल, हायस्कूल आणि कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, ते हेच मोतीलाल. १९४५च्या डिसेंबरात प्रेमजींनी इथे वनस्पती तुपाची कंपनी उभी केली. कागदावरचं नाव होतं ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’. इतकं लांब नाव पाळण्यात मावलं नसतं. पुढे त्याचं विप्रो झालं, आणि त्याच नावाने ते जगभर फिरलं.

आणि गुरुजी. पांडुरंग सदाशिव साने १९२४ ते १९३० प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत होते. शहरात गुरुजी पुष्कळ झाले, पण नुसतं ‘गुरुजी’ म्हटलं की तेच. त्यांच्या आईचं नाव यशोदा. मग गुरुजींच्या पुस्तकातला मुलगा श्याम झाला यात काय नवल! यशोदेच्या घरी दुसरा कोण येणार? नावं अशी यावीत, न शोधता. मला खटकतं ते दुसरंच. १९३५ साली पुस्तक आलं आणि महाराष्ट्राला ती बाई ‘श्यामची आई’ म्हणून पाठ झाली. यशोदा किती जणांना आठवते?

म्हणून हे पत्र खरं तर बाळाच्या आईला आहे. तुमच्या नवऱ्याला काय, तो ‘भाऊ’ आहे, चाळिशीला ‘आप्पा’ होईल, साठीला ‘नाना’. त्याचं नाव विजेच्या बिलावर राहील. तुम्हाला मात्र परवापासून सगळी बिल्डिंग ‘हृधानची मम्मी’ म्हणणार आहे आणि भाजीवाली ‘धानची माय’. जे नाव तुमच्याच गळ्यात पडणार, त्याला तुमचं मत पोलमध्ये मला दिसलं नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या कागदावर सरकारने बाळापाठोपाठ आईचं नाव लिहायचं ठरवलं आहे, वडिलांचं त्यानंतर. अर्ज भराल तेव्हा तिथे कोणतं नाव लिहायचं, माहेरचं की तांदळातलं, ते मात्र आधी ठरवून ठेवा.

एक विनंती. तिन्ही नावं घेऊन संध्याकाळी बोरीच्या काठावर उभं राहा आणि पलीकडच्या माणसाला हाक मारतो तशी मारून बघा. ‘हृ’ नदी ओलांडत नाही, मी प्रयत्न केला आहे. नुसतं ‘धान’ पोचतं. फुईबाईंकडूनही घोकून घ्या. बाळाच्या कानात कुर्र करून पहिल्यांदा नाव घ्यायचं ते त्यांना, आणि त्या केळ्याला केय म्हणतात. त्यांच्या तोंडून जे निघेल ते बाळाच्या कानात सर्वांत आधी जाईल, पोलचा निकाल मागाहून. घाई करू नका. जन्मनोंदीत नाव घालायला एक वर्षापर्यंत पैसेही पडत नाहीत.

मी कोणाला मत दिलं ते सांगत नाही, ग्रुपवर दिसतंच.

आपला शेजारी,
एस. आर.

ता. क. रविवारी बारशाला घुगऱ्या असतील तर येतो. केक असेल तर आमच्या नावचा तुकडा डब्यात घालून वर पाठवा. डब्यावर सुपडू लिहिलंत तरी चालेल.