काडीपेटीवाले काका

अकोल्याहून वाशिमकडे निघालं आणि पातूर मागे पडलं, की मेडशी येतं. तिथल्या आमच्या काकांच्या खिशात पेन नसतो, काडीपेटी असते. बिडी ओढत नाहीत हो! काडी प्लॅस्टिकसाठी. ठिबकची नळी, बैलाची दोरी, आहेरात आलेला डबा, काहीही हाती लागलं की कोपरा पेटवायचा, फुंकायचा आणि डोळे मिटून हुंगायचा.

"मेणबत्तीवानी वास येते? पॉलिथिन. नाक झोंबते? पीव्हीसी. केस जयल्यावानी? नायलॉन."

निकाल बहुतेक वेळा बरोबर निघतो, हेच घरच्यांचं दुखणं. धड कडेचं झाकण घरात उरलेलं नाही. काकूंनी नवा टिफिन माहेरीच ठेवलाय.

मागच्या हंगामात शेजाऱ्याच्या शेतातून सोयाबीनची पोती गेली. बाभळीच्या काट्याला पोत्याची करंगळीएवढी चिंधी अडकलेली. पंचनाम्याला काका पंच. जमादारांनी पाकीट उघडेस्तोवर चिंधीनं पेट घेतला होता.

"पॉलिप्रॉपिलीन!" काका प्रसन्न.

"अहो काका, मुद्देमाल होता तो! अमरावतीच्या लॅबला धाडायचा होता!"

"मंग लिहा नं पॉलिप्रॉपिलीन. लॅबवाले काय येगळं करतेत?"

मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे सगळे माझ्याकडे वळले. म्हटलं, तापवतात तेही. पण चार-पाच मिलिग्रॅमच, इवल्याशा अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत. शेजारी तशीच रिकामी वाटी. दोन्ही एकाच गतीनं तापत जातात. नमुना वितळायला लागला, की जास्तीची उष्णता पितो आणि आलेखात खड्डा पडतो. पिशवीचं पातळ पॉलिथिन ११० अंशांच्या आसपास, कडक पॉलिथिन १३०ला, तुमचं पोतं १६०-१६५ला.

"म्हंजे काडीच. महागाची."

"आणि नायलॉन-६ वितळतं २२०ला, नायलॉन-६६ जवळपास २६०ला. वास मात्र दोघांचाही जळक्या केसांचा."

काका गप्प झाले. नाक चोळलं. मग पुटपुटले, "दोन नायलॉन असतेत?" इतकी वर्षं दोघांना एकाच नावानं हाक मारल्याचं त्यांना खरंच लागलं असावं.

तेवढ्यात पलीकडच्या काट्यावर दुसरी चिंधी सापडली. ती चिमट्यानं उचलून जमादारांनी पाकिटात घातली, लाख लावली आणि सहीसाठी काकांपुढे पेन धरला. काकांनी सही केली. पेन परत देता देता टोपीवर नखानं टकटक केलं, नाकाशी नेली आणि दुसरा हात खिशाकडे गेला.

जमादारांनी पेन हिसकावलाच.